चार वाक्यांची बातमी आणि सोळा लाख डॉलर: कॅरल बर्नेट विरुद्ध नॅशनल एन्क्वायरर

२ मार्च १९७६ च्या अंकात 'नॅशनल एन्क्वायरर' या अमेरिकन साप्ताहिकाने गॉसिपच्या स्तंभात चार वाक्यांचा एक मजकूर छापला. त्याचा हिशेब मिटायला आठ वर्षं लागली. नामवंतांच्या खासगी आयुष्यावर चालणारा धंदा आतून कसा चालतो, हे या खटल्यामुळे जितकं उघड झालं तितकं क्वचितच होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. कॅरल बर्नेट, हेन्री किसिंजर आणि साप्ताहिकाचा मालक ही सार्वजनिक माणसं, म्हणून त्यांची नावं ठेवली आहेत. साप्ताहिकातले कर्मचारी, खबर देणारा आणि हॉटेलातली इतर माणसं यांची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी

हॉलिवूडमध्ये स्टुडिओंचं राज्य होतं तोवर गॉसिपलाही शिस्त होती. नट-नट्या स्टुडिओच्या करारावर काम करत. हेडा हॉपर आणि लुएला पार्सन्स या दोन स्तंभलेखिकांचा दरारा मोठा, पण कोणतं लफडं छापायचं आणि कोणतं पोटात ठेवायचं हे बऱ्याचदा स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाशी देवघेव करूनच ठरे. पन्नाशीच्या दशकात स्टुडिओंची पकड सुटली. तारे-तारका मोकळे झाले आणि त्याच वेळी उघड्यावरही पडले, कारण त्यांच्या वतीने सौदा करणारं कुणी उरलं नाही.

याच काळात, १९५२ मध्ये, जेनरोसो पोप ज्युनियर याने न्यूयॉर्कमधलं एक किरकोळ पत्र विकत घेतलं. तेच पुढचं एन्क्वायरर. सुरुवातीला त्यात खून, अपघात आणि रक्तबंबाळ फोटो असत. साठीच्या दशकाच्या शेवटी पोपने सुपरमार्केटवर नजर ठेवली. बिल करायच्या रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हाताशी अंक असला तर खप कुठच्या कुठे जाईल, हे त्याने बरोबर हेरलं होतं. पण दूध-पावाच्या शेजारी मुडदे चालणार नव्हते. मग रक्त गेलं आणि त्या जागी आहाराचे उपाय, चमत्कार, आजारातून बरे झालेले लोक आणि टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे आले. १९७१ मध्ये कचेरी फ्लोरिडातल्या लँटाना या छोट्या गावी हलली. पुढे खप पन्नास लाखांवर गेला. एकट्या कॅलिफोर्नियात, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याच अंगणात, दर आठवड्याला सहा लाखांच्या आसपास अंक विकले जात.

बर्नेट तेव्हा अमेरिकेतल्या घराघरात पोचलेली विनोदी अभिनेत्री होती. सीबीएस या टीव्ही वाहिनीवर १९६७ पासून तिचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम चालू होता. सगळ्या घराने एकत्र बसून पाहावा असा तो कार्यक्रम. तिचं बालपण मात्र तसं नव्हतं. आई आणि वडील दोघांनाही दारूने खाल्लं आणि तिला आजीने वाढवलं. कार्यक्रमाच्या शेवटी ती कानाची पाळी ओढत असे, ती आजीसाठीची खूण. दारूच्या व्यसनाविरुद्धच्या कामातही ती होती. पुढे जे झालं ते समजायला हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा आहे.

त्या रात्री काय घडलं

जानेवारी १९७६. व्हाइट हाउसमध्ये कार्यक्रम करण्याचं निमंत्रण होतं म्हणून बर्नेट वॉशिंग्टनला आली होती. नवरा आणि तीन मित्रमंडळी यांच्यासोबत ती जॉर्जटाऊन भागातल्या 'रिव्ह गोश' या फ्रेंच हॉटेलात जेवायला गेली. जेवताना दोन-तीन ग्लास वाइन झाली. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं काहीतरी साजरं करत होतं, त्यांच्याशी थट्टामस्करी झाली. तिच्यापुढे आलेल्या सूफ्ले या फ्रेंच गोड पदार्थाकडे ते कुतूहलाने पाहत होते, तेव्हा तिने त्यांच्या बशीत थोडा घालून दिला. मागच्या टेबलावरच्या कुटुंबाने ते पाहिलं आणि आपल्या गोडाच्या बदल्यात त्यांनीही थोडा मागून घेतला. निघताना एका मित्राने परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्याशी तिची ओळख करून दिली. दोन शब्द बोलणं झालं आणि मंडळी बाहेर पडली.

बस, एवढंच. पुढे न्यायालयाने हीच हकीकत खरी मानली.

बातमी कशी शिजली

छापून आलेल्या मजकुराचा आशय असा: वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात धांगडधिंगा करणाऱ्या कॅरल बर्नेटचं किसिंजर यांच्याशी मोठ्या आवाजात भांडण झालं. मग ती आपलं गोड सगळ्यांना भरवत हॉटेलभर हिंडली. एका माणसाच्या अंगावर तिच्या हातून वाइन सांडली, आणि माफी मागायची सोडून ती खिदळत सुटली. त्या माणसाला ते रुचलं नाही, त्यानेही तिच्या कपड्यांवर 'चुकून' पाणी सांडलं.

'दारू प्यायलेली' असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच ठेवलेली नव्हती.

आता या मजकुराचा उगम. साप्ताहिकाचा एक बाहेरचा खबऱ्या होता. त्याने दिलेली माहिती छापली गेली तर त्याला तिचे पैसे मिळत. म्हणजे खबर जितकी छापण्याजोगी तितका त्याचा फायदा. तरीही या माणसाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. बर्नेट गोडाची बशी घेऊन गाजावाजा करत हॉटेलभर फिरली असं त्याने सांगितलं, वाइन-पाण्याचं प्रकरण कानावर आलंय पण खात्री केलेली नाही हेही सांगितलं, आणि ती प्यायलेली अजिबात नव्हती हे निक्षून सांगितलं. किसिंजर यांचं नावही त्याने काढलं नव्हतं.

स्तंभ तयार करणाऱ्याला हा खबऱ्या भरवशाचा वाटत नव्हता. ज्याच्या नावाने स्तंभ छापला जाई त्यालाही त्याने शंका बोलून दाखवली, आणि त्यानेही मान डोलावली. मग एका वार्ताहराला खरंखोटं पाहायला सांगितलं. वार्ताहराने फोनाफोनी केली आणि दोन गोष्टी पक्क्या करून आणल्या: तिने गोड इतरांना दिलं होतं, आणि किसिंजर यांच्याशी तिचं हसतखेळत बोलणं झालं होतं.

सगळं प्रकरण या क्षणावर उभं आहे. टेबलावर खरी माहिती आलेली होती. बोलणं झालं, हसतखेळत झालं. स्तंभ तयार करणाऱ्याने त्याचं भांडण केलं. ध चा मा करायला पेशवाईत निदान कारस्थान तरी लागलं होतं, इथे फक्त स्तंभातली एक जागा भरायची होती. 'हसतखेळत बोलणं' याला मथळा नसतो, 'किसिंजरशी भांडण' याला असतो. वाइन-पाण्याचं, ज्याची खात्री झालीच नव्हती, तेही जसंच्या तसं आत गेलं.

अडचण: कायदा कुणाच्या बाजूने?

अमेरिकेत प्रसिद्ध व्यक्तीला बदनामीचा दावा जिंकणं फार अवघड. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' निकालात सरकारी पदाधिकाऱ्यांसाठी घातलेली अट १९६७ मध्ये इतर सार्वजनिक व्यक्तींनाही लागू झाली. मजकूर खोटा आहे एवढं दाखवून भागत नाही. छापणाऱ्याला तो खोटा असल्याचं ठाऊक होतं, किंवा खऱ्याखोट्याची त्याने बेदरकारपणे पर्वा केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. नुसती चौकशी केली नाही, हा दोष त्याला पुरत नाही.

यातला विरोधाभास मला फार बोलका वाटतो. एन्क्वायररने काहीच तपासलं नसतं तर 'आमचा खबऱ्यावर विश्वास होता' असं निदान म्हणता तरी आलं असतं. त्यांनी तपासलं, तपासातून खरं हाती आलं आणि ते बाजूला सारलं. वार्ताहराचे ते फोन साप्ताहिकाला वाचवण्यासाठी केले होते, खटल्यात नेमके तेच त्याच्या गळ्याशी आले.

दुसरी अडचण कॅलिफोर्नियाच्या कायद्याची. तिथल्या दिवाणी संहितेत कलम ४८अ आहे. वर्तमानपत्राने चुकीचं छापलं, तर ज्याच्याबद्दल छापलं त्याने कळल्यापासून वीस दिवसांत दुरुस्ती मागायची. पत्राने तीन आठवड्यांत तितक्याच ठळकपणे ती छापली, तर भरपाई फक्त प्रत्यक्ष आर्थिक नुकसानीपुरती. मनस्ताप, अब्रू, दंड सगळं बाद. बर्नेटचं असं मोजता येणारं नुकसान दाखवणं कठीण होतं. तिचा कार्यक्रम पुढे १९७८ पर्यंत चालूच राहिला. म्हणजे हे कलम लागू झालं असतं तर दाव्यात जवळजवळ काहीच उरलं नसतं.

तिच्यापुढचे पर्याय

बर्नेटच्या वकिलांनी दुरुस्ती मागितली. एप्रिल १९७६ मध्ये ती छापून आली: किसिंजर यांच्याशी वाद झाला आणि बर्नेटने गोंगाट करून इतरांना त्रास दिला असं आम्ही चुकून छापलं, असं काही घडलं नसल्याचं आम्हाला समजतं, तिला संकोच वाटला असेल तर दिलगीर आहोत.

हा मजकूर नीट वाचला तर त्यातली कारागिरी दिसते. सांडलेल्या वाइनचा उल्लेखच नाही, पाण्याचाही नाही. 'घडलं नाही' असं सरळ नाही, 'समजतं' असं आहे. आणि हे 'आम्हाला समजतं' कोण म्हणतंय? ज्यांच्या स्वतःच्या वार्ताहराने ही गोष्ट छापण्याआधीच सांगितली होती, ते.

यावर समाधान मानून गप्प बसणं हा पहिला मार्ग होता, आणि तोवर बहुतेक तारे-तारकांनी तोच धरला होता. त्यामागचा विचार चुकीचाही नव्हता. दावा लावला की तीच चार वाक्यं देशभरच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रांत पुन्हा छापून येतात, उलटतपासणीत घरच्या गोष्टी निघतात, आणि अमेरिकेत जिंकणाऱ्यालाही वकिलाची फी साधारणपणे स्वतःच्याच खिशातून भरावी लागते. दुसरा मार्ग तिच्या हातातला होता, तो म्हणजे स्वतःच्या कार्यक्रमात या बातमीची टर उडवणं. देशभर पाहिला जाणारा मंच होता, विनोद हा धंदाच होता. पण दारुड्या आईबापांच्या मुलीने, स्वतःवर आलेल्या दारुडेपणाच्या आरोपावर विनोद करायचा? ते तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि मला वाटतं तिने तो मार्ग सोडला हे बरोबरच केलं.

तिसरा मार्ग दाव्याचा. तो तिने घेतला.

वर्तमानपत्र की मासिक?

दावा सुनावणीला यायला १९८१ उजाडलं. लॉस एंजेलिसच्या न्यायालयात बर्नेटने आईवडिलांच्या व्यसनाबद्दल साक्ष दिली. गोष्ट खोटी होती यावर फार झगडा उरलाच नव्हता. खरी लढाई कुणी अपेक्षा केली नसेल अशा प्रश्नावर झाली: एन्क्वायरर हे वर्तमानपत्र आहे की मासिकांच्या, म्हणजे मॅगझिनच्या, जातीतलं नियतकालिक? कारण कलम ४८अ ची सवलत वर्तमानपत्राला होती, मासिकाला नव्हती.

दोन्हीकडे पुरावे होते. वर्तमानपत्रांच्या प्रकाशक संघटनेचं सदस्यत्व होतं, रॉयटर्सची सेवा घेतलेली होती, देशातला सर्वाधिक खपाचा पेपर अशी जाहिरात खुद्द ते करत. दुसऱ्या बाजूला, व्यापारी माहितीच्या नोंदीत धंदा 'मासिक प्रकाशन' असा होता. राजकारण, खेळ, गुन्हे यांच्या ताज्या बातम्या जवळपास नव्हत्या. मजकूर तयार झाल्यापासून छापून यायला एक ते तीन आठवडे लागत. मालकानेही कबूल केलं की दैनिकासारख्या रोजच्या बातम्या आपण करत नाही.

कलम ४८अ ची सवलत घाईत काम करणाऱ्यांसाठी आहे, असं न्यायाधीशांनी मानलं. रात्रीत अंक काढणाऱ्याकडून चूक होऊ शकते, म्हणून त्याला दुरुस्तीची संधी. ज्याच्या हातात आठवडे आहेत, त्याला ती कशाला? एन्क्वायरर मासिकांच्या रांगेत गेलं आणि ढाल गळून पडली. दुरुस्तीही अपुरी आणि टाळाटाळ करणारी ठरली.

रक्कम आणि तिला लागलेली कात्री

मार्च १९८१ मध्ये ज्युरीने सोळा लाख डॉलर दिले. त्यात तीन लाख भरपाईचे आणि तेरा लाख दंडाचे. न्यायाधीशांनी ती रक्कम फार म्हणून आठ लाखांवर आणली: पन्नास हजार भरपाई, साडेसात लाख दंड.

दंडात्मक भरपाई ठरवताना प्रतिवादीची सांपत्तिक स्थिती पाहतात, त्यामुळे साप्ताहिकाचे आकडेही न्यायालयापुढे आले. नक्त मालमत्ता सुमारे २६ लाख डॉलर, संबंधित काळातलं निव्वळ उत्पन्न सुमारे १५ लाख ६० हजार. ज्युरीचा दंड म्हणजे निम्मी मालमत्ता होती, आणि न्यायाधीशांनी कापलेलाही उत्पन्नाच्या निम्म्याजवळ जात होता. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण दंड दीड लाखांवर आणला. भरपाई धरून दोन लाख. मान्य नसेल तर फक्त दंडाच्या प्रश्नावर नव्याने खटला चालवा, असा पर्याय बर्नेटला दिला. शेवटी १९८४ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि रक्कम गुप्त राहिली.

मिळालेल्या पैशातून बर्नेटने हवाई विद्यापीठ आणि बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ इथल्या पत्रकारितेच्या शिक्षणाला देणग्या दिल्या.

१९८४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अभिनेत्री शर्ली जोन्सच्या एन्क्वायररविरुद्धच्या दाव्यात आणखी एक वाट मोकळी केली. फ्लोरिडात बसून लिहिणाऱ्या वार्ताहर आणि संपादकांवर कॅलिफोर्नियात खटला भरता येतो, कारण घाव तिथे बसतो. जोन्सबद्दलची बातमीही दारूचीच होती, हे जाता जाता.

वेगळं काय करता आलं असतं

साप्ताहिकाच्या बाजूने पाहिलं तर तीन ठिकाणी रस्ता बदलता आला असता. वार्ताहराने आणलेलं छापलं असतं तर तीही गॉसिपची चांगली बातमी होती: कॅरल बर्नेट परक्या टेबलांना सूफ्ले वाटतेय आणि किसिंजरशी हसून बोलतेय. यात खोटं काही नाही, वाचकही खूश. दुसरं, दुरुस्ती चारही वाक्यांची आणि नितळ भाषेत करता आली असती. त्याने कलम ४८अ लागू झालं नसतं कदाचित, पण ज्युरीसमोर उभं राहताना 'आम्ही सगळं मागे घेतलं' असं म्हणता आलं असतं आणि दंडाचा राग बराच निवळला असता. तिसरं, पाच वर्षांत कधीही शांतपणे तडजोड करता आली असती. आमच्या वाटेला जाणाऱ्याला आम्ही दमवतो असा दरारा राखण्यात ज्या धंद्याचा फायदा असतो, त्याला हा तिसरा मार्ग सुचत नाही. इथे तो दरारा महागात पडला.

बर्नेटच्या बाजूने फारसं बदलण्याजोगं मला दिसत नाही. दुरुस्ती ताबडतोब मागणं हा निर्णय सगळ्यात शहाणा होता. ती मागणी झाली म्हणूनच साप्ताहिकाचा पळपुटेपणा कागदावर आला.

पण ही वाट सगळ्यांसाठी नव्हती. रिव्ह गोशमधल्या त्या तरुण जोडप्याबद्दल तीच चार वाक्यं छापून आली असती, तर कायदा त्यांना उलट सोपा गेला असता. १९७४ च्या एका निकालानंतर खासगी व्यक्तीला छापणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवला तरी पुरतं. पण पाच वर्षं वकील पोसायला पैसे कुठून आणणार? बर्नेटकडे ते होते.

चाळीस वर्षांनी पैशाचा हाच मुद्दा वेगळ्या रूपात पुढे आला. कुस्तीगीर हल्क होगनची खासगी चित्रफीत छापणाऱ्या 'गॉकर' या संकेतस्थळाविरुद्ध २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या ज्युरीने चौदा कोटी डॉलर दिले. निकालानंतर काही आठवड्यांनी कळलं की होगनच्या वकिलांचा खर्च अब्जाधीश पीटर थील गुपचूप उचलत होता, सुमारे एक कोटी डॉलर. गॉकरच्या कंपनीच्या एका संकेतस्थळाने २००७ मध्ये थील समलिंगी असल्याचं छापलं होतं, त्याचा राग. गॉकरने दिवाळं काढलं आणि होगनशी ३ कोटी १० लाखांवर तडजोड केली. बर्नेटच्या खटल्यात समोरासमोर कोण उभं आहे हे ज्युरीला दिसत होतं. गॉकरच्या खटल्यात ज्युरीतल्या सहा जणांना ते निकाल देईपर्यंत माहीत नव्हतं.